घाट चढायच्या आधीचा तास : कोकणातल्या कॅज्युअल्टीसाठी

चिपळूणहून कराडला जायचं तर कुंभार्ली घाट, रत्नागिरीहून कोल्हापूरला जायचं तर आंबा घाट, सावंतवाडीकडून वर जायचं तर आंबोली. खाली गोव्याकडे बांबोळीचं रुग्णालय आहे. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही झाली आहेत. तरीही देवगड, गुहागर, मंडणगड, दोडामार्ग इथल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री अकराला आलेल्या रुग्णाला अशा मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचायला तास-दोन तास जातात. जुलैत दरड आली तर किती जातील याचा हिशेबच नाही. मण्यारीच्या विषाने श्वास थांबायला आणि लाल विंचवाने फुप्फुसात पाणी भरायला तेवढा वेळ पुरतो. म्हणून रेफर करण्याआधी कॅज्युअल्टीत काय उरकायचं, ते इथे दिलं आहे. डोस प्रौढांचे आहेत. मुलांचे वेगळे असतील तिथे तसं लिहिलं आहे.

पान लागलं

नातेवाईक ‘पान लागलं’ म्हणतात, ‘जनावर चावलं’ म्हणतात, कधी नुसतं ‘अंधारात पायाला काहीतरी लागलं’. साप कोणता, या चर्चेत वेळ घालवू नये. एकाच सापाचं नाव दोन वाड्यांत दोन असतं, आणि मारून पिशवीत आणलेला साप तोच असेल याचीही खात्री नसते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर आपल्याकडची लस (विषाचा उतारा) एकच आहे. उपचार सापाचं नाव ऐकून ठरत नाहीत, लक्षणं बघून ठरतात.

पायाला करकचून बांधलेली दोरी किंवा पंचा दिसला की हात लगेच तो सोडायला जातो. थांबावं. आधी हाताच्या शिरेत सलाइनची सुई लावावी, लस आणि हाताने दाबून श्वास द्यायची अँब्यू बॅग शेजारी ठेवावी. बांधलेल्या जागेच्या खालची नाडी लागत नसेल तर दोरीच्या वर बीपीचा कफ फुगवून मगच दोरी कापावी आणि कफ हळूहळू सैल करावा. बांध एकदम सुटला की साचलेलं विष एका झटक्यात वर जातं आणि दाराशी बोलत आलेला रुग्ण टेबलावर कोसळतो. अंगठ्या, जोडवी, पैंजण आत्ताच काढावेत. सूज चढल्यावर ते कापावे लागतात.

मग २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. कोरड्या, नव्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये शिरेतलं २ ते ३ मिलि ताजं रक्त घ्यावं. ट्यूब न हलवता उभी ठेवावी, घड्याळ लावावं आणि २० मिनिटांनी एकदाच आडवी करावी. रक्त वाहिलं तर विष रक्तात उतरलं आहे. ही चाचणी फसते ती बहुतेक वेळा ट्यूबमुळे. साबणाने धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये चांगलं रक्तही गोठत नाही, आणि गरज नसताना १० वायल जातात. सिरिंजमध्येच रक्त ठेवून बघणं हीसुद्धा तीच चूक. नव्या काचेच्या ट्यूबचा एक डबा फक्त याच कामासाठी बाजूला ठेवावा आणि त्यावर तसं लिहावं. पहिली चाचणी चांगली आली तरी पहिले ३ तास दर तासाला आणि पुढे २४ तासांपर्यंत दर ६ तासांनी ती पुन्हा करायची. फुरशाचं विष उशिरा बोलतं. जांभ्याच्या कातळावर फुरसं चावलेला माणूस पहिल्या तासात बराच बरा दिसू शकतो आणि पहाटे त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागतं.

चाचणीची २० मिनिटं चालू असताना मेंदू-मज्जेकडे बघावं. रुग्णाला मिनिटभर वर छताकडे बघायला सांगावं. पापण्या हळूहळू खाली येतात का? उशीवरून मान उचलता येते का? एका दमात किती आकडे मोजता येतात? तिन्ही उत्तरं वेळेसह केसपेपरवर लिहावीत, कारण तासाभराने तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

मण्यारीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंशाची खूण बहुधा दिसत नाही, सूज नसते, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग घसा धरतो आणि पापण्या जड होतात. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने आलेल्या प्रत्येकाला ‘रात्री खाली झोपला होतात का?’ असं विचारून पापण्या बघायलाच हव्यात. अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेला असा रुग्ण परत येतो तेव्हा निळा पडलेला असतो. व्हेंटिलेटरवर गेलेल्या मण्यारीच्या रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या आणि स्थिर असू शकतात, हातपाय हलत नाहीत. तरी तो आतून जागा असतो, सगळं ऐकत असतो. त्याला मेंदू मृत म्हणू नये आणि त्याच्या उशाशी तसं बोलूही नये. श्वास सांभाळला तर काही दिवसांत असे रुग्ण चालत घरी जातात.

लस केव्हा द्यायची? रक्त गोठत नसेल, कुठूनही रक्त येत असेल, पापण्या पडत असतील, बीपी घसरलं असेल, लघवी लाल किंवा कमी होत असेल, किंवा सूज अर्ध्या हाता-पायाच्या वर झपाट्याने चढत असेल तर. नुसत्या दातांच्या खुणांवर लस देऊ नये. अशा रुग्णाला २४ तास ठेवून घ्यावं. त्वचेखाली टेस्ट डोस देण्याची जुनी सवय सोडावी. त्यातून पुढची रिअॅक्शन कळत नाही आणि वेळ मात्र जातो.

पहिला डोस १० वायल. प्रत्येक वायलमधली पावडर १० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवावी. बाटली हलक्या हाताने गोल फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. दहाही वायल नॉर्मल सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात द्याव्यात. मुलांना आणि गरोदर बाईला वायल तितक्याच, कारण सापाने विष वजन बघून टोचलेलं नसतं. मुलांमध्ये कमी करायचं ते फक्त सलाइन, किलोला ५ ते १० मिलि. लस दंशाच्या जागी टोचू नये.

लस सुरू करण्याआधी अॅड्रेनलीन सिरिंजमध्ये भरून ठेवावं. पहिली १५ मिनिटं कोणीतरी खाटेजवळून हलायचं नाही. अंगावर गांधी, खाज, खोकला, घरघर, उलटी, बीपी उतरणं यातलं काहीही दिसलं की लस बंद करावी आणि अॅड्रेनलीन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्यावं. मुलांना किलोला ०.०१ मिलिग्रॅम. गरज पडली तर ५ मिनिटांनी पुन्हा. अॅलर्जीवरचं अॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड त्यानंतर, अॅड्रेनलीनच्या ऐवजी कधीच नाही. रुग्ण सावरला की लस सावकाश पुन्हा सुरू करायची. रिअॅक्शन आली म्हणून लस कायमची थांबवली तर विष तसंच राहतं.

पापण्या पडत असतील तर अॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून आणि निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत देऊन तासभर बघावं. नागाच्या विषात बहुधा फरक पडतो आणि मग अॅट्रोपिनसोबत ०.५ मिलिग्रॅम निओस्टिग्मिन दर अर्ध्या तासाने देता येतं. मण्यारीत फरक पडत नाही. तीन डोसांनंतरही जैसे थे असेल तर तो नाद सोडून श्वासनलिकेत नळी घालायच्या तयारीला लागावं. दुसऱ्या १० वायल, मज्जेवर परिणाम असेल तर १ ते २ तासांनी. रक्त गोठत नसेल तर ६ तासांनी. ६ तास एवढ्यासाठी की लसीने विष निकामी झाल्यावरही यकृताला गोठवणारे घटक नव्याने बनवायला तेवढा वेळ लागतो. तासाभरात पुन्हा चाचणी करून घाबरून आणखी १० वायल चढवल्या तर साठा संपतो आणि रुग्णाला काहीच मिळत नाही. मज्जेसाठी एकूण २० आणि रक्तासाठी साधारण ३० वायलच्या पुढे फायदा नसतो.

सह्याद्रीच्या दक्षिण भागात, आंबोली-तिलारीच्या जंगलपट्ट्यात चापड्याच्या जातीचे साप आहेत. त्यांच्या विषावर ही लस चालत नाही. दंश झाला, रक्त गोठत नाही आणि पुरेशी लस देऊनही ते सुधारत नाही, असं झालं तर हा साप मनात आणावा आणि लघवीवर, मूत्रपिंडाच्या क्रिअॅटिनिन चाचणीवर नजर ठेवून वरच्या रुग्णालयाशी बोलावं.

दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा ट्रॅमाडॉल. डायक्लोफेनॅक नको, रक्त पातळ झालेलं असताना कंबरेत दिलेल्या त्या इंजेक्शनच्या जागी रक्ताची गाठ होते, आणि घोणसीने आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडाला आणखी मार बसतो.

लाल विंचू

जांभ्याच्या चिऱ्यांची रास, लाकडाचा ढीग, जुन्या कौलांखालची जागा. काळ्या मोठ्या विंचवाने माणूस वेदनेने ओरडतो, पण सहसा मरत नाही. लहान, तांबूस विंचू जास्त भीतीचा, आणि मूल जितकं लहान तितकी भीती मोठी.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्याच रुग्णांवर काम करून या विंचवाच्या उपचारात प्राझोसिन आणलं; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विषामुळे शरीरात अॅड्रेनलीनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करतं.

एक उलटी वाटणारी गोष्ट ध्यानात ठेवावी : दंशाच्या जागी खूप दुखतंय आणि बाकी सगळं ठीक आहे, तो रुग्ण बहुधा सुरक्षित असतो. वेदना फार नाही, पण घाम फुटलाय, हातपाय गार आहेत, उलट्या होतायत, लाळ येते आहे, मुलग्याचं लिंग ताठ झालं आहे, तर विष अंगात भिनलं आहे. ‘विंचू उतरवून आणला, दुखायचं थांबलं’ असं नातेवाईक समाधानाने सांगतात तेव्हा आधी मुलाचे पाय हातात धरून बघावेत.

पाय गार असतील तर प्राझोसिन ताबडतोब : मुलांना किलोला ३० मायक्रोग्रॅम, प्रौढांना ५०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम. दर ३ तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. गोळी साधी हवी. ‘एक्सएल’ लिहिलेली सावकाश विरघळणारी गोळी कुस्करून दिली तर डोसचा भरवसा राहत नाही, आणि अख्खी दिली तर परिणाम उशिरा. स्टोअरमध्ये कोणती आली आहे ते मे महिन्यातच बघून ठेवावं. गोळी दिल्यावर मुलाला ३ तास आडवंच ठेवायचं. आई त्याला उचलून कडेवर घेते, बीपी पडतं आणि मूल मान टाकतं, म्हणून आईला हे समोर बसून समजावावं. उलट्या, घाम यांतून गेलेलं पाणी तोंडाने किंवा सलाइनने भरून काढावं.

विंचवाची लस उपलब्ध असेल आणि रुग्ण लवकर आला असेल तर ती प्राझोसिनसोबत द्यावी. बावस्करांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की नुसत्या प्राझोसिनपेक्षा दोन्ही मिळून रुग्ण लवकर बरा होतो. श्वास लागला, फेस आला, तर बसतं करून ऑक्सिजन, आणि बीपी पडलेलं असेल तर हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन. अॅट्रोपिन नको, त्याने हृदयाची धाव आणखी वाढते. स्टिरॉइड आणि अॅव्हिल यांचा इथे उपयोग नाही. नुसती वेदना असेल तर अॅड्रेनलीन नसलेलं, बधिर करणारं लिग्नोकेन बोटाच्या मुळाशी टोचलं की लगेच उतार पडतो.

फवारणीचं औषध

आंब्याला मोहोर येतो त्या महिन्यांत बागांतून फवारणी चालू असते, आणि तेच डबे घरात हाताशी असतात. अंगावर उडालेलं असो की प्यायलेलं, कपडे काढून साबणाने अंग आणि केस धुणं हा उपचाराचाच भाग आहे. हातमोजे घालून करावा. डबा आणायला सांगावं आणि लेबलवरचं घटकाचं नाव वाचावं.

बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, छातीत घरघर, नाडी मंद : ऑर्गनोफॉस्फरस गटाचं कीटकनाशक. अॅट्रोपिनचा हिशेब इथे उघडपणे मांडायला हवा, कारण हात आखडतो तो इथेच. आपल्याकडची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. पहिला डोस १.८ मिलिग्रॅम, म्हणजे ३ अँप्यूल. ५ मिनिटांनी छाती ऐकायची. कोरडी नसेल तर दुप्पट, ६. मग १२. मग २४. पंधरा मिनिटांत ४५ अँप्यूल, २७ मिलिग्रॅम. कपाटात २० अँप्यूल असतील तर त्या दहाव्या मिनिटालाच संपतात, म्हणून शंभरचा साठा जास्त समजू नये. छाती मोकळी, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर आणि काखा कोरड्या, इथे थांबायचं. बाहुल्या किंवा नाडीची गती एकटी बघून ठरवू नये. मग लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला सलाइनमधून. रुग्ण बडबडू लागला, अंग तापलं, पोटातले आवाज बंद झाले तर अॅट्रोपिन जास्त झालं. अर्धा ते एक तास थांबवून कमी वेगाने सुरू करावं. प्रालिडॉक्झिम या दुसऱ्या उताऱ्याच्या उपयोगावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. द्यायचं तर लवकर आणि सावकाश, किलोला ३० मिलिग्रॅम, २० ते ३० मिनिटांत. अॅट्रोपिन त्याच्यासाठी थांबवू नये.

पोट धुण्याची घाई जीव घेते. बेशुद्ध रुग्णाच्या नाकात नळी घालून पाणी सोडलं की ते फुप्फुसात जातं. श्वासमार्ग सुरक्षित नसेल तर पोट धुऊ नये. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी बरा दिसणारा रुग्ण उशीवरून मान उचलू शकत नसेल तर त्याचा श्वास बंद पडायच्या बेतात आहे. रोज सकाळी मान उचलायला लावावी.

उंदीर मारण्याच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचं वेगळं आहे. पहिला दिवस शांत जातो, नातेवाईक डिस्चार्ज मागतात आणि दोन-तीन दिवसांत यकृत ढासळतं. असा रुग्ण लक्षणं नसतानाच यकृताची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावा.

भातलावणीनंतरचा ताप

जुलै ते ऑक्टोबर, ताप, पोटऱ्या दाबल्या की कळवळणं, डोळे लाल पण चिपडं नाहीत, शेतात चिखलात काम : लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) समजून औषध सुरू करावं. तपासणी पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तिची वाट बघण्यात रुग्ण जातो. सौम्य असेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. कावीळ, लघवी कमी, धाप असेल तर सेफ्ट्रिअॅक्सोन शिरेतून, आणि काख-जांघेत काळी खपली दिसली किंवा शंका असली तरी सोबत डॉक्सिसायक्लिनही, कारण स्क्रब टायफसवर सेफ्ट्रिअॅक्सोन चालत नाही. गरोदर बाईला डॉक्सीऐवजी अॅझिथ्रोमायसिन.

खोकल्यात रक्ताचा एक धागा दिसला तरी तो रुग्ण वॉर्डात ठेवायचा नाही. लेप्टोचा फुप्फुसातला रक्तस्राव काही तासांत माणूस नेतो, आणि अशा वेळी भराभर चढवलेलं सलाइन घात करतं. लेप्टोत लघवी भरपूर होत असताना क्रिअॅटिनिन वाढलेलं आणि पोटॅशियम कमी असू शकतं, हेही विसरू नये.

दोडामार्ग-सावंतवाडी भागात जानेवारीपासून पावसापर्यंत ताप आला, माणूस काजूच्या बागेत किंवा जंगलात जाणारा असेल, आणि आसपास माकडं मेल्याचं ऐकलं असेल तर माकडताप. २०१६ पासून सिंधुदुर्गात त्याचे रुग्ण आढळले आहेत. औषध नाही, आधार द्यायचा. अॅस्पिरिन-डायक्लोफेनॅक टाळायचं आणि नमुना पाठवायचा.

छातीतली कळ

दहा मिनिटांत ईसीजी, ओळीत थांबवायचं नाही. ‘गॅस झाला’ म्हणणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचाही. ईसीजीतला एसटी भाग वर गेलेला असेल आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेली कॅथलॅब दोन तासांच्या पलीकडे असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यावं. अॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून, क्लोपिडोग्रेल ३०० (७५ वर्षांवरच्यांना ७५), मग टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकाच झटक्यात : ६० किलोच्या आत ३०, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० पासून पुढे ५० मिलिग्रॅम. ७५ वर्षांवर निम्मं. सोबत रक्त गोठू न देणारं एनॉक्सापॅरिन. आधी विचारायचं : कधी मेंदूत रक्तस्राव? गेल्या तीन महिन्यांत पक्षाघात, डोक्याला मार? आता कुठून रक्त? पाठीत फाटल्यासारखं दुखतं का? हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका असेल तर उजव्या बाजूचा ईसीजी काढल्याशिवाय जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नये. उजवा कप्पा दुखावला असेल तर बीपी कोसळतं. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा, आणि इंजेक्शन लागू पडलं तरी रुग्ण कॅथलॅबकडे पाठवायचाच.

विंचू चावलेल्या तरुणाचा ईसीजी हुबेहूब असा दिसू शकतो. त्याला हे इंजेक्शन नव्हे.

समुद्राकडून आलेले

बुडालेल्याला श्वास नसेल तर आधी श्वास द्यायचे, मग छाती दाबायची. त्याचं हृदय हवेअभावी थांबलेलं असतं. पोट दाबून पाणी काढायच्या प्रयत्नात उलटी फुप्फुसात जाते. शुद्धीवर असलेल्या, थोडं खोकणाऱ्या पर्यटकालाही ६ ते ८ तास ठेवून ऑक्सिजनची पातळी बघत राहावं, त्याचे मित्र कितीही घाईत असले तरी.

पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास. पाण्याची ऊब रुग्णाच्या दुसऱ्या, न दुखावलेल्या पायाने तपासायची, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. मग एक्स-रे, काट्याचा तुकडा शोधणं, धनुर्वाताचं इंजेक्शन. छाती किंवा पोटात घुसलेला काटा इथे उपसू नये.

१०८ मध्ये चढवताना

नळी घालायची की नाही अशी शंका असेल तर ती घाटाच्या पायथ्याशी नव्हे, कॅज्युअल्टीतच सोडवावी. वळणावर, एका टॉर्चच्या उजेडात नळी जात नाही. मान उचलता न येणारा, लाळ गिळता न येणारा रुग्ण नळीशिवाय पाठवू नये. सोबत अँब्यू बॅग वापरता येणारा माणूस हवा, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर वाटेतल्या वेळेच्या दुप्पट पुरेल एवढा. समोरच्या डॉक्टरशी फोनवर बोलून खाट आहे का ते विचारावं, घाट चालू आहे का ते पोलिसांना विचारावं. बंद असेल तर गाडी महामार्गाने दुसरीकडे वळवायचा निर्णय निघतानाच घ्यावा.

चिठ्ठीवर ‘सर्पदंश, पुढील उपचारासाठी’ एवढंच लिहिलं तर पुढचा डॉक्टर सगळं पहिल्यापासून सुरू करतो. लिहायचं असं : दंश रात्री ९.१५, पोचला १०.४०, चाचणी ११.०० ला गोठलं नाही, १० वायल ११.०५ ते ११.५०, रिअॅक्शन नाही, पुढची चाचणी पहाटे ५.०५ ला, लघवी २०० मिलि, लाल. मागे डॉक्टरचा मोबाइल नंबर, आणि त्या नंबरचा फोन रात्रभर चालू.